ओढगस्त

'घर पाहावं बांधून' असं ज्यानं कुणी म्हटलं, त्याच्या डोळ्यांपुढे विटा, सिमेंट आणि आमच्यासारख्या बँकवाल्यांनी दिलेलं वीस वर्षांचं कर्ज असणार. आमच्या मेहुण्यानं या म्हणीचा वेगळाच अर्थ लावला. त्यानं घर बांधलं ते मोटारीच्या मागे. बांधलं आणि निघाला ओढत.

मी नाशिक रोडला एका बँकेत कारकून आहे. २०२४ च्या करारानंतर कागदोपत्री मला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. पण खुर्ची तीच, पंखा तोच आणि 'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्यही तेच. बी. कॉम. झालेला, चाळिशी ओलांडलेला, दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्याशिवाय घरी न जाणारा माणूस. अशा गरीब माणसानं एखाद्या सहलीच्या वाहनाविरुद्ध लेखणी उगारावी असं त्या वाहनानं काय केलं, ते सांगतो.

एका रविवारी सकाळी मेहुणा मोबाइल नाचवत आला. मोबाइलवर एका पांढऱ्या पेटीचा फोटो. पेटीला दोन चाकं, एक खिडकी, एक दार. मला वाटलं, पाणीपुरीची गाडी टाकतोय. "बिटको चौकात धंदा बरा होईल," असं मी म्हणालोसुद्धा. तो दुखावला.

"दाजी, ट्रॅव्हल ट्रेलर आहे हा! आत दोघांचा पलंग, घडीचा बाक, ओटा, बेसिन. पुण्यात एकानं विकायला काढलाय, आठ लाखांना. गाडीच्या मागे लावायचा आणि सुटायचं. कोकण, गोवा, कन्याकुमारी! हॉटेल नाही, बुकिंग नाही. थांबू तिथं घर!"

"गाडी कुठली?"

"ही काय, खाली उभी आहे ती. एसयूव्ही!"

खाली उभी होती ती कॉम्पॅक्ट एसयूव्ही. या जातीचा जन्म कसा झाला ते इंजिनिअरला विचारू नका, वाणिज्य शाखेच्या माणसाला विचारा. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरची अबकारी कमी झाली. छोटी कुठली? तर लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सी.सी.पर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० पर्यंत. झालं! त्यानंतर ज्या त्या मोटारीची लांबी ३,९९५ मिलिमीटर भरायला लागली. समोरून पाहावं तर वाघ, आणि मागे जाऊन पाहावं तर शेपूट अबकारी खात्यानं कापून नेलेलं. मेहुणा त्या कापलेल्या जागी घर लावायला निघाला होता.

मी म्हटलं, हिचं वजन बाराशे किलोच्या आतबाहेर. ट्रेलर रिकामा साडेसहाशे, आणि आपण चौघं, सामान, पाणी भरलं की तो आठशेच्या पुढे जाणार. युरोपात साडेसातशे किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. याला आहेत का?

"गाडीला आहेत ना!" मेहुणा म्हणाला.

इथंच माझं आणि या फॅशनचं भांडण आहे. जो तो विचारतो, ओढेल का? अहो, ओढायला काय, कोणीही ओढतं. मी पगारात घरभाडं, क्लासची फी आणि दिवाळी ओढतो. ओढण्याचं कौतुक नको, थांबेल का ते विचारा. उतारावर मागचं आठशे किलोंचं घर म्हणत नाही की पुढच्यानं ब्रेक मारला, आपणही थांबू. ते म्हणतं, सरक पुढे. परदेशात छोट्या मोटारी छोटे ट्रेलर ओढतात, हे मला मान्य आहे. पण तिथं गाडीच्या पुस्तकात किती किलो ओढायचे याचा आकडा छापलेला असतो. ब्रेकवाल्या ट्रेलरचा वेगळा, बिनब्रेकच्याचा वेगळा. मेहुण्याच्या गाडीचं पुस्तक मी मागून घेतलं. बारीक अक्षरं वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. तिसऱ्या रात्री ओळ सापडली : 'या वाहनाची रचना ट्रेलर ओढण्यासाठी केलेली नाही.' मी ती ओळ लाल पेनानं अधोरेखित करून परत दिली. मेहुणा म्हणाला, "दाजी, ते लीगल असतं. सगळेच छापतात."

नाशिक रोडच्या माणसाला तरी हे कळायला हवं. कारण ओढणं म्हणजे काय ते आम्ही रोज रुळांवर बघतो. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर आली. हा चढ सदतीसला एक आहे, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. मोटारवाल्याला हा चढ वाटतच नाही, पण रेल्वेनं आजवर त्याचा आदर केला आहे. कसाऱ्याला गाडी थांबते, मागून जादा इंजिनं लागतात, ती ढकलत ढकलत गाडीला इगतपुरीला आणून सोडतात आणि परत खाली जातात. या इंजिनांना म्हणतात 'बँकर'. दुसऱ्याचा बोजा चढावर ढकलून द्यायचा, वर पोचल्यावर कुणी नावही काढत नाही, आणि आपण पुन्हा मुकाट्यानं खाली. नाव अगदी चपखल आहे. आमच्या शाखेत आम्ही असे सात बँकर आहोत.

"मग वंदे भारत?" मेहुण्यानं विचारलं. "ती कुठे बँकर लावते?"

हे खरं आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत शिर्डीची वंदे भारत सुरू झाली, ती बँकरशिवाय घाट चढते. पण तिच्या डब्यांखालीच मोटारी आहेत. एकच इंजिन सगळ्यांना ओढतंय असा तिथं प्रकारच नाही. "तुझ्या ट्रेलरखाली काय आहे?" मी विचारलं.

"स्टेपनी," तो म्हणाला.

मग मी हिशेब मांडला. आठ लाख भागिले हॉटेलची एक बरी खोली, तीन हजार. दोनशे सहासष्ट रात्री. दोघांच्या नोकऱ्या, मुलांच्या परीक्षा बघता वर्षाला दहा रात्री सहलीच्या. म्हणजे सव्वीस वर्षं त्याच पेटीत झोपल्यावर पैसे फिटणार, आणि तेव्हा आम्हाला त्या पलंगावर चढवायला दोन माणसं लागणार. यात व्याज धरलं नाही, घसारा धरला नाही, टायर धरले नाहीत. मेहुणा म्हणाला, "२०२७ च्या सिंहस्थात भाड्यानं देऊ." साधू या पेटीत कशाला राहतील, असं मी विचारलं नाही. कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं, हे मला नोकरीनं शिकवलं आहे.

वास्तविक वाद इथंच संपला होता. मी जिंकलो होतो. पण मेहुणा जाता जाता दारात म्हणाला, "आणि हो, आत संडास आहे. कमोडचा."

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "काय आहे म्हणालास?"

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे गेलेत. प्रवास ठरला की ती आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी करते. सकाळचा चहा अर्धा कप, आणि मग पोचेपर्यंत कोरडी. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि माहीत असूनही मी कधी त्याकडे पाहिलं नव्हतं. आम्हा पुरुषांना महाराष्ट्राचा अख्खा रस्ता मोकळा. कुठलंही बाभळीचं झाड आपलंच. बायकांनी मात्र पेट्रोल पंपाच्या मागच्या बंद दाराची किल्ली कुणाकडे आहे ते विचारत फिरायचं, आणि किल्ली मिळाल्यावर दार उघडून परत लावायचं. ही घरून निघतानाच मुलीला दटावते, 'पाणी पिऊ नकोस फार.' सहलीला निघालेल्या मुलीला! चार पदरी रस्ते झाले, सहा पदरी झाले. गाडीला दर पंचवीस मैलांवर हवा मिळते, पाणी मिळतं, टायरचं पंक्चर निघतं. गाडीची एवढी बडदास्त. राज्य सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरणही काढलं, कॅरॅव्हान पार्कांसकट. काढावं, माझी ना नाही. पण एखादी म्हातारी नाशिक रोडहून पुण्याला पाणी पिऊन जाऊ शकेल असं धोरण कधी निघणार? माझं असं मत आहे की ही चाकावरची घरं विकली जातात ती निसर्गासाठी नाहीत. कोकणातला सूर्यास्त कोकणात गेल्यावर फुकट दिसतो. विकला जातो तो त्या पेटीतला दीड बाय तीन फुटांचा कोपरा.

थोडक्यात, पुढच्या शनिवारी आम्ही ट्रेलर आणायला पुण्याला निघालो. आई पुढच्या सीटवर.

जाण्यापूर्वी कुतूहल म्हणून मी या प्रकाराचा इतिहास वाचून ठेवला. मौजेखातर फिरायला असं घर प्रथम बांधून घेतलं ते १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं. दोन घोडे ते ओढायचे, आणि त्याचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्त्यातल्या लोकांना सावध करायचा. हे ऐकून मेहुण्यानं ते काम मला देऊ केलं, माझ्याकडे स्कूटर आहे म्हणून. कायद्याचंही मी वाचलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलरची नोंदणी वेगळी. त्याचा नंबर त्याच्या बाजूला लिहायचा आणि ओढणाऱ्या गाडीचाही नंबर त्याच्यावर लावायचा. म्हणजे लग्न झालेल्या बाईसारखं, माहेरचंही नाव ठेवायचं आणि सासरचंही.

येताना खेडच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात आली आणि इंजिन असं काही ओरडायला लागलं की हिनं खिडक्या वर केल्या. मागच्या एस.टी.च्या ड्रायव्हरनं ओव्हरटेक करताना आमच्याकडे पाहून दोन्ही हात जोडले. एका टोलनाक्यावर यंत्रानं आमची तीन अ‍ॅक्सल मोजली आणि फास्टॅग म्हणाला कार. यंत्र ऐकेना, मेहुणा ऐकेना. आत बसलेला मुलगा म्हणाला, "साहेब, एकतर ट्रक व्हा, नाहीतर कार व्हा." मागे लागलेल्या रांगेनंही हाच ठराव हॉर्न वाजवून मंजूर केला.

आळेफाट्याला मेहुण्यानं कांद्याची एक गोणी घेतली. स्वस्त होता म्हणून. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यात बाहेरून कांदा नेणारा हा पहिलाच माणूस असावा. गोणी ट्रेलरच्या पार मागे, संडासाच्या दारापाशी ठेवली. चंदनापुरीचा घाट उतरताना ट्रेलर किंचित डोलला. "सस्पेन्शन," मेहुणा म्हणाला.

संगमनेर सोडल्यावर चहाला थांबलो. तिथं शेजारी एक ट्रॅक्टर उभा होता, मागे दोन ट्रॉल्या. ऊसतोडीची टोळी कारखान्याकडे निघालेली. वाकळा, पत्र्याच्या पेट्या, चुलीची लाकडं, डालीतल्या कोंबड्या, एका बाजूला बांधलेली झोळी आणि झोळीत पोर. दिवाळी झाली की बीडकडून, पाथर्डीकडून, आमच्या नांदगावकडूनसुद्धा असे ट्रॅक्टर निघतात. सहा महिन्यांचं घर मागे बांधून. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. आमच्याकडे तिला अ‍ॅडव्हान्स म्हणतात आणि तारण मागतात. तिथं तारण म्हणजे नवराबायकोचे चार हात, आणि त्या जोडीला म्हणायचं 'एक कोयता'. आपल्या मुलखात ट्रॅव्हल ट्रेलरची चाल मेहुण्यानं पाडली नाही, एवढं त्या ट्रॉलीकडे बघून माझ्या ध्यानात आलं. त्यांच्याकडे मात्र फोटो काढायला कुणी थांबत नव्हतं.

दोन बायका आमच्या पांढऱ्या पेटीकडे बघत होत्या. आईनं दार उघडून त्यांना आत बोलावलं. पलंग दाखवला, ओटा दाखवला, आणि मग शेवटचं दार उघडलं.

"ह्यात संडास बी हाय व्हय?" एकीनं विचारलं.

"आहे ना. जा तू. मी दाराशी उभी राहते," आई म्हणाली.

ती गेली. मग दुसरी गेली. मग ट्रॉलीतून उतरून आणखी सात-आठजणी आल्या. आई दाराशी काठी टेकून उभी, आमच्या शाखेच्या शिपायासारखी एकेकीला आत सोडत होती. मेहुणा कासावीस झाला. "दाजी, टाकी! टाकी भरेल!" मी म्हटलं, "भरू दे." त्या दिवसात मी एवढं एकच शहाणपणाचं बोललो.

निघताना आईनं ट्रेलरच्या दांडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, गाडी उलाळ झालीय."

आई निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. बैलगाडीत मागच्या बाजूला ओझं जास्त झालं की पुढचं जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेला टेकतच नाही. त्याला उलाळ म्हणतात. गाडीवान आधी दोन पोती पुढे सरकवतो आणि मगच बैलांना हाक देतो. ट्रेलरचंही तेच. त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा तरी दांडीवर, म्हणजे गाडीच्या मागच्या गोळ्यावर पडायला हवा, असं शिकलेले लोक सांगतात. तेवढं नसलं की वेग वाढताच मागचं धूड सापासारखं वळवळायला लागतं. आता हिशेब पाहा. स्वच्छ पाण्याची टाकी पुढे होती, ती रिकामी झाली. मैल्याची टाकी मागे, ती भरली. शिवाय मागे कांदा. पुढच्या खात्यातून वजा आणि मागच्या खात्यात जमा! बी. कॉम. झालेल्या माणसाला ही जमाखर्चाची नोंद दिसू नये? नाही दिसली. मेहुणा म्हणाला, "मावशी, ही बैलगाडी नाही." आणि आम्ही निघालो.

सिन्नर मागे पडलं आणि मोहदरीच्या घाटात उतार लागला. घाट कसला, नाशिक रोडची पोरं सायकलनं चढतात. पण उतारावर गाडी सत्तरवर गेली आणि मागून कुणीतरी आमची मान धरून हलवावी तशी गाडी डावी-उजवीकडे जायला लागली. आरशात ट्रेलर एकदा या बाजूनं दिसायचा, एकदा त्या. मेहुण्यानं ब्रेक दाबला. त्यासरशी मागचं घर अंगावर आलं आणि हेलकावे दुप्पट झाले. समोरून कांद्याचा ट्रक. हिनं माझा दंड धरला. तिची नखं आठ दिवस दिसत होती. मी काय केलं? मी डोळे मिटले. गाडीचं पुस्तक वाचलेला एकमेव माणूस मी, आणि मी डोळे मिटले.

"ब्रेक सोड!" आई ओरडली. "सोड म्हणते ना! कासरा ढिला सोड!"

मेहुण्यानं घाबरून दोन्ही पाय वर घेतले. स्टेअरिंग नुसतं धरून ठेवलं. इंजिन गुरगुरलं, हेलकावे हळूहळू लहान झाले, ट्रक सुसाट निघून गेला, आणि घाटाच्या पायथ्याशी आम्ही कडेला लागलो. कुणी बोललं नाही. मी उतरून चाकाखाली दगडाची उटी लावली, तेवढंच माझ्या हातानं काही झालं. आईनं पाणी मागितलं आणि पूर्ण तांब्याभर प्यायली.

रात्री मी झोपलो नाही. याच गाडीला हेच घर लावून दुसऱ्या आठवड्यात कसारा उतरून कोकणात जायचं ठरलं होतं. लोक म्हणतील, २०२५ पासून समृद्धी महामार्ग पुरा झाला आहे, इगतपुरीच्या बोगद्यातून जा. जा की. तिथं मोटारींना ताशी १२० ची मुभा. विलायतेत ट्रेलर मागे असलेल्या मोटारीला मोटारवेवर साठ मैलांच्या, म्हणजे शहाण्णव किलोमीटरच्या वर जाऊ देत नाहीत, आणि चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवू देत नाहीत. आमच्या मेहुण्याचा बेत होता की कंटाळा आला तर मावशींना मागे पलंगावर आडवं करू. हे वाक्य तो सहज म्हणाला होता. मी ते अजून विसरलो नाही. छंद असावा, कर्ज काढूनही असावा. पण आठशे किलोंचा छंद बाराशे किलोंच्या जिवावर, बिनब्रेकचा, आणि पुढच्या सीटवर आई! याला हौस म्हणणाऱ्याशी माझं भांडण आहे आणि ते मी मिटवणार नाही.

ट्रेलर आता आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत उभा आहे. तो तिथं लावायला पाऊण तास लागला, कारण रिव्हर्समध्ये ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर स्टेअरिंग डावीकडे फिरवावं लागतं. साहेबाकडून रजा मंजूर करून घेण्याची रीत हीच आहे, तरी मला ते जमलं नाही. शेवटी दांडी सोडवली आणि आठ शेजाऱ्यांनी ढकलला. सेक्रेटरींनी 'अनधिकृत बांधकाम' म्हणून नोटीस दिली आहे. आई दुपारी तिथं जाऊन बसते. खिडकी उघडते, पोथी वाचते, चहा करून पिते. घर छान आहे म्हणते, हलत नाही तोवर.

मेहुणा महिनाभर फिरकला नाही. मला वाटलं, विषय संपला. परवा बँकेत काउंटरवर रांग होती, मान वर करून पाहतो तर हाच. चेहरा फुललेला.

"दाजी, तुमचं बरोबर होतं. ती गाडी लहानच पडते. मोठी बघितलीय. २२०० सी.सी. डिझेल. ट्रेलरला ब्रेक पण बसवून घेणार."

"छान," मी म्हटलं.

त्यानं कर्जाचा अर्ज पुढे सरकवला. पुरा भरलेला, फोटो चिकटवलेला. सवयीप्रमाणे मी शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं आधी वाचली. जामीनदाराच्या रकान्यात माझं नाव होतं, आणि शेजारी ओळखपत्राची प्रतही जोडलेली होती. ती हिनं दिली होती.